बर्फ पडताना आवाज होतो का?

कॉकेशस पर्वतातला बर्फ पाहायला निघालेली आमची सहल कतारच्या बाहेर एक पाऊलही गेली नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे कुठेतरी हिमशिखरं येतील या आशेनं कुणी वाचत राहू नये. नाशिकला परतल्यापासून शेजारीपाजारी विचारतात, "मग काय, झालं का जॉर्जिया?" मी म्हणतो, "नाही. पण बर्फ झाला." त्यावर ते माझ्या वयाकडे बघतात आणि विषय बदलतात. म्हणून लिहून ठेवतो आहे.

माझा मुलगा निखिल दोह्यात इंजिनिअर आहे. वेस्ट बेमधल्या एका काचेच्या मनोऱ्यात एकतिसाव्या मजल्यावर त्याचं ऑफिस. मनोरा बाहेरून असा चकाकतो की आत काही फार मोठं चाललं असावं असं वाटतं. आत गेल्यावर तेच: कॉम्प्युटर, चहाचे कप आणि एसी कमी करा म्हणणारा एक माणूस. राहतात ते अल हिलालमध्ये, जुन्या विमानतळाजवळ, साध्या तिमजली इमारतीत. सूनबाई मीरा दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. नात तन्वी अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. आपल्याकडे नातवंडांना इंग्रजी येत नाही म्हणून लोक काळजी करतात. तिकडे उलट काळजी, इतकाच फरक.

या नोव्हेंबरात मी गेलो तो आक्काला घेऊन, खरं म्हणजे आक्कासाठीच. आक्का माझी थोरली बहीण, शहात्तर वर्षांची. सिन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत तिनं तेहतीस वर्षं शिकवलं. बेचाळीस वर्षांपूर्वी सातवीला भूगोल शिकवताना बबन सानप नावाच्या मुलानं हात वर केला आणि विचारलं, "बाई, बर्फ पडताना आवाज होतो का?" पुस्तकात उत्तर नव्हतं. आक्कानं बर्फ पाहिला होता तो फक्त उसाच्या रसात. पण भरल्या वर्गासमोर "मला माहीत नाही" म्हणायची रीत त्या काळी मास्तरांत नव्हती. आक्का म्हणाली, "होतो. सुपात तांदूळ पडल्यासारखा." बबन खाली बसला. आक्का मात्र तेव्हापासून त्या प्रश्नासमोर उभीच आहे.

गेल्या दिवाळीपर्यंत हा आमच्या घरातला विनोद होता. मग तिचा डावा कान पूर्ण गेला. उजव्यात मशीन बसवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "या कानाचं एक वर्ष धरून चला." त्या दिवशी जेवताना आक्का म्हणाली, "शरद, मला बर्फ पडताना ऐकायचाय. कान आहे तोवर."

मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आहे. कुठलाही प्रश्न आला की माझा हात कपाटाकडे जातो. म्हणालो, "अगं, नेटवर दोन मिनिटांत सापडेल."

"ते मलाही वाचता येतं. मी ऐकायचं म्हणतेय."

दोह्याहून जॉर्जिया विमानानं तीनेक तास. पुढे गाडीनं डोंगर चढून गेलं की बर्फ. निखिलनं चार दिवसांची रजा काढली, व्हिसे केले, हॉटेल ठरवलं. मीराची रजा मंजूर झाली नाही, ती घरी थांबणार होती.

विमानतळ, गुरुवार

निघायच्या सकाळी हातकाट्यावर बॅगा तीन किलो जास्त भरल्या. जगातल्या इतर लोकांनी अशा वेळी काहीतरी बाहेर काढलं असतं. आपण अंगावर घालतो. आक्का चिवडा आणि लाडू सोडायला तयार नव्हती ("तिथे काय खायला मिळतं, कुणी बघितलंय?"). म्हणून लोकरीचं सगळं अंगावर आलं. आतून थर्मल, वर दोन स्वेटर, वर निखिलनं आणलेली फुगीर जाकिटं. खिशांत मोजे. आक्कानं तर कानटोपीही घातली. मशीन कानात आणि कान टोपीत. बाहेर तीस अंश ऊन होतं. टॅक्सीवाला मलबारी होता. त्यानं आरशातून आमच्याकडे बघितलं आणि न विचारता एसी वाढवला.

बॅगा आत गेल्या आणि फलकावर आमच्या विमानापुढे उशीर लागला. मग आणखी उशीर. तिकडे हिमवादळ आलं होतं. तिथला बर्फाचा हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे असताना एवढं वादळ येत नाही म्हणे.

दोह्याचं विमानतळ म्हणजे आपण कुठे चाललो आहोत हे माणसानं विसरावं म्हणून बांधलेली वास्तू आहे. छत इतकं उंच की खाली रडगाणं गायला लाज वाटते. त्या चकचकीत फरशीवर आमच्या आसपास पंधरा-वीस तरुण मुलं आपापल्या लांबलचक पिशव्यांवर बसली होती. पिशव्यांत स्की, म्हणजे पायाला बांधून बर्फावरून घसरायच्या पट्ट्या. कुणी लेबनॉनचं, कुणी फिलिपिन्सचं, कुणी आपल्याकडचं. सगळे एकाच गोष्टीकडे बघत होते. तिथल्या एका हॉटेलनं अंगणात कॅमेरा लावला होता आणि त्याचं चित्र फोनवर दिसत होतं. चित्रात एक लाकडी बाक. सकाळी बाकाचे पाय दिसत होते. अकरा वाजता पाय गेले. बारा वाजता बसायची फळी गेली. दर वेळी बाक थोडा बुडाला की ही मंडळी टाळ्या पिटायची, आणि टाळ्या थांबेपर्यंत फलकावर उशीर वाढलेला असायचा.

आक्कानं बराच वेळ हे पाहिलं. मग मला म्हणाली, "हे लोक नक्की कोणाच्या बाजूचे?"

शेजारच्या पिशवीवरची मुलगी फिस्सकन हसली. "आजी, आम्हालाच कळत नाहीये!" गार्गी तिचं नाव, पुण्याच्या कर्वेनगरची, दोह्यात दातांच्या दवाखान्यात काम करते. "हंगामाच्या आधी एवढा बर्फ म्हणजे लॉटरी आहे हो. सगळा कोरा. कुणाची एक रेघ पडलेली नसते त्यावर. आणि आम्ही इथे फरशीवर!"

"तू बर्फ पडताना पाहिलायस?"

"खूपदा."

"आवाज होतो?"

गार्गीनं कपाळाला हात लावला. "अय्या," ती म्हणाली, "मी कधी लक्षच दिलं नाही. माझ्या कानात गाणी असतात."

आक्का माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर तो भाव होता, जो सत्तावन्न टक्केवाल्या मुलाला पहिला वर्ग हुकला हे सांगताना मास्तरांच्या चेहऱ्यावर असतो. मग तिनं फोनमधल्या बाकाकडे बोट दाखवलं. "याला आवाज नाही का?"

"नुसता कॅमेरा आहे, आजी. माईक नाही."

मग बबन, सूप, तांदूळ, कान, सगळं सांगून झालं. गार्गीनं आक्काचा चिवडा खात ऐकलं. तीन वाजता बाकाची पाठही बुडाली, प्रचंड जल्लोष झाला आणि विमान रद्द झाल्याचं जाहीर झालं. उद्या सोडू म्हणाले. सामान उद्यासाठी आतच राहील म्हणाले.

उठताना गार्गी म्हणाली, "मी पोचले तर नीट ऐकून तुम्हाला सांगते, आजी."

"सांगू नकोस," आक्का म्हणाली. "ऐकव."

अल हिलाल, शुक्रवार

सामान आत राहिलं याचा अर्थ घरी आल्यावर कळला. आमचे साधे कपडे सगळे बॅगेत, आमच्याजवळ फक्त हिमालय चढायचे. मीरानं दार उघडलं आणि घामानं थबथबलेली दोन म्हातारी अस्वलं बघून भिंतीला टेकून हसत सुटली. मला निखिलची अर्धी चड्डी मिळाली. आक्कानं शहात्तर वर्षांत पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला, मीराचा, फिकट निळा. आरशासमोर दोनदा वळली आणि म्हणाली, "खिसा असता तर हाच घालून शाळेत गेले असते."

शुक्रवारी तिकडचं विमानतळ दुपारी थोडा वेळ उघडलं. एका विमानात तुरळक जागा होत्या. एकटे प्रवासी गेले, चौघांचं कुटुंब राहिलं. गार्गीचा मेसेज आला: "बसले! आजींना सांगा." आमच्या विमानाचं रविवारनंतर बघू, असं उत्तर मिळालं. सोमवारी निखिलचं ऑफिस. मंगळवारी आमचं परतीचं तिकीट. वर जाणारा रस्ताही बंद होता. निखिलनं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "आत्या, सॉरी. खलास."

"अरे, तू काय ढग आहेस का?" आक्का म्हणाली. पण त्यानंतर तिनं कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. काही ऐकायचं उरलं नाही की ती असं करते.

संध्याकाळी तिला बरं वाटावं म्हणून मॉलमध्ये नेलं. तिथे प्लॅस्टिकची देवदार झाडं उभी होती, त्यांच्यावर कापूस. छतातून यंत्र फेसाचे कण सोडत होतं आणि लोक त्याखाली उभे राहून फोटो काढून घेत होते. बाहेर वाळवंट, आत फेस, मध्ये तिकीट. तन्वी म्हणाली, "आजी, इट्स ऑलमोस्ट स्नो."

आक्कानं मशीन कानात घातलं, हात पुढे करून एक कण झेलला, वास घेतला. "शिकेकाईचा पण बरा," म्हणाली आणि मशीन पुन्हा काढलं.

घरी परतताना जिन्यात दाऊदभाई भेटले. तळमजल्यावर राहतात, मूळचे रत्नागिरीकडचे, साठीला आलेले. बर्फाच्या कारखान्यातल्या मशीनचे मिस्त्री, पंचवीस वर्षं हेच काम. मीरानं त्यांना आमची सगळी कर्मकहाणी सांगितली, कारण त्यांच्या घरून दर शुक्रवारी काहीतरी येतं आणि भांड्याबरोबर बातमी परत जाते.

दाऊदभाई ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बाईंना बर्फ बघायचाय नि तुम्ही तीन तास विमानानं चालला होतात? माझ्याकडं काय कमी हाय? उद्या रुवैसला मशीन बघायला जायचंय. चला माझ्यासंगती."

"तो पडतो का?" आक्कानं विचारलं. मशीन नसताना तिनं हे कसं ऐकलं, मला अजून समजलेलं नाही.

"पडतो म्हंजे? धो धो पडतो."

अल रुवैस, शनिवार

दोह्याहून सरळ उत्तरेला रस्ता जातो, जमीन संपेपर्यंत. सव्वाशे किलोमीटर. दोन्ही बाजूंना पिवळट सपाटी, तिच्यात अधूनमधून एकेक खुरटं झाड, परीक्षेला उशिरा आलेल्या मुलासारखं उभं. आपल्याकडे एवढ्या अंतरात चार घाट, सात ढाबे आणि एक अपघात होतो. इथे फक्त तन्वीचे दोन प्रश्न झाले आणि दोन्ही किती वेळ राहिला याबद्दल होते.

रुवैस लहानसं बंदर आहे. वेस्ट बेतल्या मनोऱ्यांना हे गाव आपलं म्हणून दाखवायला लाज वाटेल, आणि मला त्यामुळेच ते आवडलं. धक्क्यावर लाकडी होड्या, तारेचे घुमटाकार पिंजरे मासे पकडायला रचून ठेवलेले, त्यांत एक मांजर. खलाशी तमिळ, बंगाली, केरळी. सगळे एकमेकांशी हिंदीत भांडत होते. दाऊदभाईंनी आधी टपरीवर करक चहा पाजला, दुधात आटवलेला, वेलचीचा. मग डबा उघडला. त्यांच्या पत्नीनं, सकीनाभाभींनी, आक्कासाठी घावणे आणि नारळाचा गूळ घातलेला रस पाठवला होता. "बाई शाकाहारी म्हणून नवा तवा काढला तिनं," दाऊदभाई म्हणाले. आम्ही सिन्नरची माणसं, शेंगदाण्याच्या कुटावर वाढलेली. नारळाचा एवढा रस एका वेळी बघून आक्का म्हणाली, "हे लोक श्रीमंत आहेत रे." मी जन्मभर पुष्कळ मेजवान्या पाहिल्या, भाषणांसकट. त्या नव्या तव्यापुढे एकही आठवत नाही.

बर्फाचा कारखाना म्हणजे धक्क्यावरची पत्र्याची उंच शेड. वर मशीन, तिथून एक जाड नळी होडीच्या पोटात जाते. बर्फ लादीचा नाही, पातळ कपच्यांचा, म्हणजे मासा चेपत नाही. दाऊदभाईंनी नळी होडीकडून वळवून मोकळ्या हौदावर धरली. धक्क्यावरचा एक तमिळ खलाशी ओरडला, "अरे मेरा मछली!" दाऊदभाई ओरडले, "पाच मिनिट! यल्ला, चाय पी!" मग त्यांनी आक्काकडे बघितलं. "बाई, मशीन लावलंत?"

आक्कानं कान दाखवला.

दाऊदभाईंनी खटका ओढला. नळीच्या तोंडातून पांढऱ्या कपच्या सुटल्या आणि खाली साचू लागल्या. आवाज झाला. सुरसुर, सरसर, मधूनच खळ्ळ. मी आक्काकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते.

"शरद," ती म्हणाली. "सुपात तांदूळ."

तंतोतंत. बेचाळीस वर्षांपूर्वी सिन्नर तालुक्यात अंदाजानं दिलेलं उत्तर कतारच्या शेवटच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये अक्षरशः खरं निघालं होतं. निखिलनं टाळ्या वाजवल्या. तन्वीनं हौदात उडी घेऊन वीतभर उंचीचा माणूस बनवला. त्याला सुरमईचा वास येत होता. आक्कानं बर्फाची मूठ भरली, वितळेपर्यंत धरली, पुन्हा भरली. मला वाटलं, झालं, इथेच संपलं, आपण सुखानं घरी जाऊ.

तिनं ओला हात अंगातल्या मीराच्या ड्रेसला पुसला. "बर्फ खरा आहे, दाऊद. कालच्या फेसासारखा खोटा नाही. कामाचा बर्फ आहे." मग म्हणाली, "पण हा पडत नाही. आपण पाडतो."

दाऊदभाईंना राग आला नाही. मिस्त्री माणूस, फरक त्यांनाच आधी कळला असणार. "ते खरं, बाई," म्हणाले. "वरून पडणारा माझ्या हातात नाय."

तेवढ्यात निखिलचा फोन वाजला. गार्गी. रात्रभर पायथ्याच्या गावात अडकून सकाळी बर्फ काढणाऱ्या यंत्रामागून वर पोचली होती. "बाक सापडत नाहीये!" ती ओरडत होती. "दादा, आजी कुठे आहेत? वारा पडलाय, नुसता बर्फ पडतोय. लवकर द्या, पुन्हा वारा सुटेल!"

धक्क्यावर होड्यांची इंजिनं, माणसं, मशीन. दाऊदभाईंनी आम्हा सगळ्यांना आपल्या गाडीत कोंबलं, काचा वर केल्या आणि एसीही बंद केला. उन्हात उभ्या गाडीत चार मोठी माणसं आणि एक मूल, श्वास धरून. आक्कानं फोन उजव्या कानाशी, मशीनजवळ धरला. आम्हाला ऐकू यावं म्हणून निखिलनं स्पीकर लावला.

"आजी, मी फोन हात लांब करून धरते हं. आता मी बोलणार नाही."

तिची पावलं करकरली, थांबली. मग काहीच नाही.

फोन बारीकसारीक आवाज गाळून टाकतो, हे मला माहीत होतं. ही शंका पुढे करायला माझ्यासारख्या माणसाला एरवी फार आवडलं असतं. मी गप्प बसलो. तिकडे खूप लांब एक कुत्रं भुंकलं, म्हणजे फोन चालू होता. परत काही नाही. माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. तीन हजार फूट की सहा हजार फूट उंचीवर, कुणास ठाऊक, बर्फ पडत होता आणि आम्ही पाच जण तो ऐकत होतो.

आक्काचा चेहरा मला नीट दिसत होता. गेलं वर्षभर मी तो चेहरा पाहतो आहे. लग्नात, बँकेत, भाजीवाल्यासमोर, सगळे हसले की अर्ध्या क्षणानं हसणारा. आपल्याला ऐकू आलं नाही की मुळात काही नव्हतंच, हे दुसऱ्यांच्या तोंडावर शोधणारा.

"शरद, तुला येतोय आवाज?"

"नाही."

"निखिल?"

"नाही, आत्या."

"तन्वी?"

तन्वीनं मान हलवली. मग पहिल्यांदाच, कुणी न सांगता, मराठीत म्हणाली, "काहीच नाही, आजी."

"दाऊद, खरं सांग."

"नाय बाई. अल्लाकसम, काय नाय."

"म्हणजे सगळ्यांनाच येत नाही," आक्का म्हणाली. तिनं फोन कानापासून काढला नाही. गार्गीचा हात गारठून ती "आजी, पुरे?" असं विचारेपर्यंत ऐकत राहिली.

नाशिक

आल्यावर आक्कानं पहिलं काम केलं ते बबन सानपचा नंबर शोधण्याचं. माझी कल्पना होती की तो शेती करत असेल, त्याला प्रश्नही आठवत नसेल आणि थोडी निराशा होईल. स्पीकरवर ऐकत होतो म्हणून खात्रीनं सांगतो, त्याला सगळं आठवत होतं. बबन स्वतः शिक्षक झाला आहे. सिन्नर तालुक्यातच, सातवीलाच.

"बबन, माझं चुकलं होतं रे," आक्का म्हणाली. "बर्फ पडताना आवाज होत नाही."

बबन म्हणाला, "बाई, मी तीस वर्षं पोरांना सुपातले तांदूळ सांगतोय."

"अरे देवा!"

"एकदा तर सूप घेऊन गेलतो वर्गात." आता दोघंही हसत होते. "तांदूळ बरे होते पण, बाई. पोरांना पटायचे. आता काय सांगू? आवाज नसतो म्हणजे कसं, ते कसं दाखवू?"

आक्कानं विचार केला. "सांग, सगळा वर्ग एक मिनिट गप्प बसला की जसं ऐकू येतं, तसं. आणि बसव त्यांना."

सोमवारी संध्याकाळी बबनचा मेसेज आला. फळ्याचा फोटो होता, 'बर्फ' असं लिहून खाली काहीच न लिहिलेला. पोरं चाळीस सेकंद गप्प बसली, मग मागून कुणीतरी शिंकलं, असं त्यानं कळवलं होतं.

आक्कानं तो मेसेज मला मोठ्यानं वाचायला लावला, दोनदा. मग मशीन काढून डबीत ठेवत म्हणाली, "चाळीस सेकंद! सिन्नर तालुक्यासाठी पुष्कळ झालं."